आठ गाठींचं अंतर

१

क्रेन कुशीवर पडली होती. तिची लांबलचक बूम, म्हणजे ओझं उचलणारा लोखंडी हात, कँटीनच्या पत्र्यातून आत घुसली होती, आणि जिथं रोज पावणेअकराला सव्वाशे माणसं चहाला बसतात त्या बाकांवर पत्र्याचे तुकडे पडले होते. घड्याळात साडेदहा वाजले होते. पंधरा मिनिटांचा फरक. त्या पंधरा मिनिटांचा विचार मी आजही टाळते.

मी हर्षदा. शिक्रापूर सोडून शिरूरकडे निघालं की हायवेला लागून जे कारखाने आहेत, त्यातल्या एकात २००२ साली मी सेफ्टी ऑफिसर होते. बाई, त्यातून वय सव्वीस, म्हणून सगळे मला आधी फर्स्ट एडची पेटी सांभाळणारी समजत. त्यांना ठाऊक नव्हतं की माझे वडील दौंडला रेल्वेच्या क्रेनवर होते आणि मी पाढे शिकायच्या आधी लोड चार्ट, म्हणजे किती अंतराला क्रेन किती वजन उचलते तो तक्ता, वाचायला शिकले होते.

मेलं कोणी नव्हतं. क्रेनचा ऑपरेटर वजीर, वय पंचावन्न, याचं खांद्याचं हाड मोडलं होतं आणि लोकांनी त्याला शिरूरच्या दवाखान्यात पोचवलं होतं. ज्या प्रेस मशीनला उचलताना हे झालं, ते फाउंडेशनच्या कडेला तोंडावर पडलं होतं.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "क्रेन किती टनाची?"

"वीस."

"मशीन किती टनाचं?"

"पाच."

"वीस टनाची क्रेन पाच टनाला पडते? म्हणजे माणूस एकतर प्यायलेला होता, नाहीतर झोपलेला. लिहा रिपोर्ट." त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढं सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला,' आणि खाली वजीरच्या सहीसाठी जागा. "शुक्रवारी बारापर्यंत त्याची सही आणि तुमचा रिपोर्ट. क्रेनवाल्यांनी सांगितलंय, सही झाली की हा माणूस पुन्हा कुठल्या क्रेनवर बसणार नाही."

तो मंगळवार होता. मला राग आला की माझे कान गरम होतात. ते भाजायला लागले होते.

"साहेब, पाण्याची भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई मैलभर चालते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलं जाणार नाही. क्रेनचं तसंच आहे. वीस टन ती फक्त अगदी जवळचं उचलते. ओझं जितकं लांब, तितकी ताकद कमी. वजीरमामांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं."

"मग पाडली कशाला?" साहेब म्हणाले.

मी कागद पर्समध्ये टाकला आणि बाहेर पडले.

२

मंगळवारी रात्री शिरूरच्या दवाखान्यात वजीरमामा खाटेवर बसले होते. हात झोळीत, चेहरा उतरलेला. दौंडहून त्यांची मुलगी सुमैया आली होती, ती डब्यातला शिरा भरवत होती आणि ते तोंड फिरवत होते.

"ताई, म्या मोजलं होतं," मला बघताच ते म्हणाले. "क्रेनच्या मधल्या खुंट्यापासून फाउंडेशनपातुर. आबानं दोरी धरली, म्या गाठी मोजल्या. आट. आट मीटरला चार्टवर पावणेसहा टन हाय. मशीन, हूक, साखळ्या धरून सव्वापाच. बसत हुतं की नीट!"

आबा म्हणजे हरिबा, त्यांचा खलाशी. ओझ्याला साखळ्या घालणारा, खालून हातानं खुणा करणारा माणूस. मेंढरं राखणाऱ्या घरातला. नऊ वर्षं दोघं एकाच क्रेनवर होते.

"दोरी कसली?"

"टेप कोन देतंय आमाला? दोरीला गाठी मारल्यात, मीटरा-मीटरावर. जुनी नायलॉनची मागल्या आठवड्यात मांडवगणला पाइप उतरवताना तुटली. मग आबानं घरी घायपाताच्या वाखाची नवी वळली. तशीच, काठीवर मोजून. आबाची काठी म्या सवता टेपनं मोजून कापलेली, बराब्बर एक मीटर. केसाचा फरक न्हाई."

"दोरी कुठाय आता?"

"तिथंच आसंल. मला तर भवळ आली हुती, फळीवर घालून आणलं म्हनं."

दोरी तिथं नव्हती. त्याच संध्याकाळी मी सगळं आवार पालथं घातलं होतं, तेव्हा क्रेनखालच्या ओंडक्यांपासून भंगारापर्यंत सगळं मिळालं होतं. गाठींची दोरी तेवढी नव्हती.

हे, आणि साहेबांच्या कागदाचंही, सांगितल्यावर वजीरमामांनी पुन्हा तोंड फिरवलं. मग सुमैयाला पाणी आणायला पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, खरं सांगू? मला आता वाटतंय, म्याच चुकलो. वय झालं. गाठी धा आसतील आन् म्या आट मोजल्या आसतील. क्रेन सुटंल त्याचं काय न्हाई, पोरगी हाय, जावई हाय. पन म्या मोजायला चुकलो आन् तिथं मानसं आसती तर..." त्यांनी हात पुढं केला. "त्यो कागद द्या. सही करून टाकतो."

मी कागद दिला नाही. पर्समध्ये होता, तरी दिला नाही.

३

बुधवारी एका मोठ्या क्रेननं आमच्या क्रेनला उभं करून बाजूला नेलं आणि मला जागा मोकळी मिळाली. वडील म्हणायचे, क्रेन तीनच कारणांनी पडते. ओझं जास्त, जमीन भुसभुशीत, नाहीतर अंतर लांब. चौथं कारण लोक सांगतात, ते बहुतेक वेळा खोटं असतं.

ओझं आधी घेतलं. मशीन आणणारा ट्रेलर भिमाजीचा. तो दौंडचा, मीही रात्री मुक्कामाला दौंडच्या घरीच जात असे, म्हणून सकाळीच त्याला स्टँडजवळ गाठलं. त्यानं शर्टाच्या खिशातून वजनकाट्याची पावती काढली.

"मोकळा ट्रेलर येगळा, भरलेला येगळा. दोनदा काटा केलाय. पाच टनाला ईस किलो कमीच हाय ताई. वजनात खोट आसंल तर माजी मिशी उतरवा." मिशी चांगली जाडजूड होती, तिला हात लावायचं कारण दिसत नव्हतं. "वजीरमामाला आमीच बांधाबांध करून जीपमधी घातला. वाचला बिचारा."

मग जमीन. क्रेनच्या चार पायांखालचे ओंडके जिथं होते, तिथं मुरमात चार चौकोनी ठसे उमटले होते. फाउंडेशनकडचे दोन जरा खोल, पण एकही खचलेला नव्हता. सळई ठोकून बघितली, ती दोन बोटंसुद्धा आत गेली नाही.

राहिलं अंतर. ठेकेदाराचा सुपरवायझर संपत कमरेवर हात ठेवून बघत होता.

"क्रेन मी स्वतः उभी करून घेतली मॅडम. फाउंडेशनपासून सात मीटर. जास्तीत जास्त."

"मोजलं होतं?"

"आमच्या डोळ्यात टेप हाय."

गेटजवळ हरिबा आबा उकिडवे बसले होते. सत्तरीला टेकलेले, पागोटं घातलेले. पुढं उभी धरलेली काठी बसल्यावर त्यांच्या पागोट्याच्याही वर जात होती. बांबू अजून पिवळाधमक होता आणि टोकाला पितळी कडं चमकत होतं. कालपासून ते घरी गेले नव्हते. त्यांची बायको बानूबाई भाकरी घेऊन आली होती, ती फडक्यात तशीच होती.

"आबा, तुम्ही दोरी धरली होती?"

"व्हय. आट गाठी. म्या मोठ्यानं वरडून सांगितलं, आट! वजीरनं बी मोजल्या. त्याची चूक न्हाई, पोरी. वाटलं तर माजं नाव लिव."

"दोरी कुठं गेली?"

"ठावं न्हाई. म्या पळत रस्त्यावर गेलो जीप थांबवाया. माघारी आलो तवा दोरी बी न्हाई आन् वजीर बी न्हाई."

कँटीनमधून गिताबाई ओरडली, "आन् माजी चपात्या लाटायची फळी बी न्हाई! चार मानसं बसतील येवढी मोटी फळी! मला कोन ईचारतंय का?"

तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. आणि हीच माझी घोडचूक झाली.

मी दोन सुतळ्या घेतल्या. चार ठशांवर तिरक्या ताणल्या, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. जिथं त्या एकमेकींना ओलांडतात, तिथं क्रेनचा मधला खुंटा होता, ज्याच्याभोवती ती फिरते. तिथून फाउंडेशनच्या मध्यापर्यंत टेप लावला.

सात मीटर नव्हते. आठही नव्हते. नऊ मीटर साठ सेंटिमीटर होते.

क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन चार्ट बघितला. साडेनऊच्या पुढं क्रेनला सव्वाचार टनांच्या वर हात लावायचा नव्हता. वजीरमामांनी सव्वापाच उचलले होते.

४

"म्हणजे खोटं बोलला," मॅनेजरसाहेब म्हणाले. गुरुवार सकाळ होती. "साडेनऊ मीटरला आठ सांगतो. दोरीबिरी काही नव्हतीच. अंदाजानं उचललं आणि आता दोरीची गोष्ट रचतोय."

 मी पुन्हा जागेवर गेले आणि मुरमाकडे बघत बसले. फाउंडेशन आणि क्रेन यांच्या मधल्या जागेत बारीक वाळू पसरलेली होती, आणि तिच्यावरून जेसीबीच्या चाकांचे ताजे ओरखडे गेले होते. वाळू थोडी होती, पण इतकी की इथं कधीतरी ढीग होता हे कळावं.

"संपत, ढीग कुठं गेला?"

तो आधी हसला. मग हसू मावळलं. "मॅडम, तीन दिवसांपासून सगळे म्हणत होते ढीग हलवा, ढीग हलवा. मशीन आलं आन् ढीग तसाच. क्रेन त्याच्या पलीकडं लावावी लागली. मंगळवारी दुपारीच उचलला मी." त्यानं खाली बघितलं. "पण वजीरमामा मला म्हणाले, आठ भरतंय, चालतंय. आईशप्पथ म्हणाले. आठ भरलं नसतं तर क्रेन ते पुढं घेतलेच असते, मी त्यांना नऊ वर्षं ओळखतो का नाही? एकदा अर्ध्या मीटरसाठी त्यांनी माझा अख्खा दिवस घालवला होता."

त्याच्यावर चिडावं असं खूप वाटलं, आणि मी थोडी चिडलेही. पण त्याच्या शेवटच्या वाक्यानं मला बरं वाटलं. वजीरमामा नऊ-साठला आठ म्हणणारा माणूस नव्हता. आंधळेही नव्हते. मग राहिली ती दोरी. दोरी खोटं बोलली असेल, तर ती हातात आल्याशिवाय कोणी मला विचारणार नव्हतं.

क्रेनच्या केबिनमध्ये शेवटचं बघावं म्हणून चढले. सीटच्या मागं एक पत्र्याची खाच होती, कडा घासून चकचकीत झालेल्या. "आबाच्या काठीची जागा," खालून संपत म्हणाला. "पण आता आबा काठी बाहेरच बांधतात." मी खाच टेपनं मोजली. आतून एक मीटर दोन सेंटिमीटर. मोजून वहीत लिहिली. कशासाठी लिहिली, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

उतरले तर समोर गिताबाई, कंबर कसून.

"ताई, शेवटचं सांगते. टेबलावर लाटलेल्या चपात्या चामड्यावानी हुत्यात. माजी फळी ज्यानं न्हेली त्यानं..."

मी जागच्या जागी थांबले. फळी.

'फळीवर घालून आणलं म्हनं.' 'आमीच बांधाबांध करून जीपमधी घातला.' फळीला माणूस बांधायचा तर दोरी लागते. घाईत, पडलेल्या क्रेनजवळ, हाताशी कोणती दोरी असेल?

"गिताबाई," मी तिचे दोन्ही हात धरले, "तुमची फळी मी आणून देते."

५

दवाखान्यातला वॉर्डबॉय ज्ञानू मला जिन्याखालच्या अडगळीत घेऊन गेला. मोडक्या सलाइनच्या स्टँडमागं फळी उभी होती, पिठाचे डाग तसेच. आणि फळीला गुंडाळलेली, भिमाजीच्या पक्क्या गाठीनं बांधलेली, पिवळट वाखाची दोरी. प्रत्येक गाठीत काळ्या लोकरीचा झुपका, लांबून दिसावा म्हणून.

"कापनार हुतो मी," ज्ञानू म्हणाला, "पर ईतकी सुबक वळलेली, जीव झाला न्हाई."

मी त्याच्याकडून दोरीचं एक टोक धरून घेतलं आणि व्हरांड्यात ती सरळ ताणली. पहिली गाठ. दुसरी. तिसरी. टेप लावत गेले आणि आकडा बघून पुन्हा एकदा लावला.

एक मीटर वीस. पुढची एक मीटर वीस. त्याच्या पुढची एक मीटर वीस. कुठंही बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. आठ गाठी आणि एकूण नऊ मीटर साठ.

आबांनी हलगर्जीपणानं गाठी मारल्या असत्या तर एखादी जवळ, एखादी लांब आली असती. इथं सगळी अंतरं सारखी होती. म्हणजे मोजणारा नीट मोजत होता, फक्त ज्यानं मोजत होता ती वस्तू मीटरची नव्हती. वजीरमामा म्हणाले होते, काठीवर मोजून. ती काठी सीटमागच्या खाचेत बसायची, म्हणजे मीटरभरच होती. आणि आबांच्या हातात आता जी पिवळीधमक काठी होती, ती खाचेत मावत नव्हती.

मी दवाखान्याच्या फोनवरून कारखान्यात फोन लावला. "संपत, आबांना घेऊन या. काठीसकट."

६

संध्याकाळी चार वाजता आबा खाटेशी उभे होते, बानूबाई दाराशी. मी आबांची काठी टेपला लावली. चार फुटांना जराशी कमी. एक मीटर वीस.

दोरी खाटेवर पसरली आणि सगळं सांगितलं. आबांना समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, आणि हातातली काठी निसटून खाली पडली.

"म्हंजी म्याच पाडली क्रेन," ते म्हणाले. "माज्या दोरीनं. वजीर, म्या तुला मारत हुतो रं." ते मटकन खाली बसले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला इतकं मोठ्यानं रडताना मी पहिल्यांदाच बघितलं आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

वजीरमामा त्यांच्याकडे बघतच नव्हते. चांगल्या हातानं दोरी ओढून घेऊन ते एकेक झुपका बोटानं दाबत होते. एक. दोन. तीन. ओठ हलत होते.

"आट," ते म्हणाले. "आटच हायेत. सुमैया, आटच हायेत गं!" आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू मोडलेलं हाडच जुळलं. "म्या बरोबर मोजल्या हुत्या. डोळं बी ठीक हायेत, डोस्कं बी ठीक हाय." तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी शिऱ्याचा डबा मागून घेतला.

आबांचं रडणं थांबेना. "जुनी काठी मोडली. आन् ह्या काठीवर म्या मोजलं. काठी म्हंजी मीटर, येवढंच डोक्यात. काठी बदलली तर मीटर बदलतंय, ह्ये माज्या ध्यानातच न्हाई आलं."

"आबा," वजीरमामा तोंडात घास असतानाच म्हणाले, "ही काठी तुमाला दिली कुनी?"

आबांनी खाली पडलेल्या काठीकडे बघितलं.

"म्या! दौंडच्या बाजारातनं म्या आणली. जुनी मोडली म्हनून दोन म्हैन्यांपूर्वी. पितळी कडं बी म्या बसवून घेतलं. दुकानदार ईचारत हुता, केवढी देऊ, तर म्या म्हनलं, चांगली लांब दे, आबा उंच हायेत." आणि ते हसायला लागले. हसताना खांदा दुखायचा, ते कळवळायचे आणि पुन्हा हसायचे. "माज्या काठीनं मलाच पाडलं की हो! आन् तुमाला दोस देऊ?"

बानूबाई दारातून म्हणाली, "तरी मी म्हनत हुते, काठी लई लांब हाय. घरात वळता येत न्हाई." तिच्यावर सगळे हसले, सुमैयासुद्धा, आणि शेवटी आबाही डोळे पुसत हसले.

रिपोर्ट मी त्याच रात्री लिहिला. त्यात आबांचं नाव फक्त दोरी धरणारा म्हणून आहे. कारण म्हणून लिहिलं ते हे: वाळूच्या ढिगामुळं क्रेन लांब लागली, ऑपरेटरनं अंतर मोजलं आणि चार्टही बघितला, पण मोजायला कारखान्यानं टेप दिला नव्हता, म्हणून दोघांना गाठी लांब पडलेल्या दोरीवर भरवसा ठेवावा लागला. सकाळी मॅनेजरसाहेबांनी तो दोनदा वाचला. मग कपाटातून नवाकोरा तीस मीटरचा स्टीलचा टेप काढून टेबलावर ठेवला. तो वर्षभर तिथंच होता.

"कधी मागितलाच नाही त्यांनी," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?" माझे कान पुन्हा गरम झाले होते, पण साहेबांनी मान खाली घातली, म्हणून जास्त बोलले नाही. क्रेनवाल्यांना फोन त्यांनीच केला. हाड जुळलं की वजीरमामा पुन्हा क्रेनवर बसणार होते.

शुक्रवारी बाराच्या आधी मी दवाखान्यात पोचले. टेप आबांच्या हातात दिला आणि पर्समधून तो सहीचा कागद काढून वजीरमामांपुढं धरला. त्यांनी तो झोळीत नसलेल्या हातानं घेतला, फाडायला गेले आणि एका हातानं जमेना. मग त्यांनी कागदाचं दुसरं टोक आबांच्या पुढं केलं.

आबांनी टोक पकडलं, दोघांनी मिळून ओढलं, आणि कागद मधोमध फाटला.